दुपारनंतर ये

रुपाने पोस्ट पाठवली, की शेजारच्या कप्प्यातला की-बोर्ड वाजायला लागायचा.

आधी तिच्या लक्षात आलं नाही. शहापूरच्या एस.टी. स्टँडसमोरचं ते सायबर कॅफे म्हणजे एका गाळ्यात प्लायवूड ठोकून केलेले कप्पे होते. एकाने शिंक दिली तरी सगळ्यांना कळायची. पण हा माणूस टाइप करत नव्हता, बटणं ठोकत होता. आणि तो थांबला, की थोड्याच वेळात रुपाच्या स्क्रीनवर उत्तर उमटायचं.

'मिरचीबाई, सरकारला आधी माहीत होतं असं तुम्ही म्हणता. पुरावा?'

खाली टोपणनाव तेच. 'पुरावा कुठाय'.

२००८ सालचा एप्रिल होता. ऑर्कुटवरच्या 'आपला शहापूर-मुरबाड' या ग्रुपवर एरवी माळशेजचे फोटो आणि क्रिकेटच्या टुर्नामेंटच्या जाहिराती असायच्या. गेले काही दिवस मात्र तिथे एकच विषय पेटला होता - आंबेखांड फाट्यावर नक्की काय झालं?

झालं ते असं. शहराला पाणी नेणारी नवी मोठी पाइपलाइन गावांच्या शेतांतून चालली होती आणि त्याच गावांतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणत होत्या. आम्हालाही या पाइपातून नळ द्या, एवढंच म्हणत लोक फाट्यावर रस्ता अडवून बसले. सकाळभर सगळं शांत होतं. दुपारी कुठून तरी दगड आले. पाणी योजनेच्या जीपची काच फुटली, लाठ्या चालल्या आणि काही पोरांना उचलून नेलं. सरकार म्हणालं, अचानक उसळलं, आम्हाला कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशी कल्याणच्या एका दैनिकात हात उगारलेल्या एका तरुणाचा मोठा फोटो आला. खाली लिहिलं होतं - 'दगडफेक करणारा तरुण'.

तो तरुण रुपाचा सख्खा भाऊ होता. सुदाम.

रुपा शहापुरात कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. दुपारच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून ती कॅफेत यायची आणि इंग्रजी अक्षरांत मराठी बडवून, आपल्या गावावरून घेतलेल्या 'शेणव्याची मिरची' या नावाने भांडायची. आजही ती रागाने बटणं बडवत होती. 'पुरावा हवा? ॲम्ब्युलन्स सकाळपासून फाट्यावर उभी होती. कोणाला लागणार आहे हे माहीत असल्याशिवाय का? तुझ्यासारखे पेपरवर विश्वास ठेवणारे आहेत म्हणून तर-'

फट्. लाइट गेली. पंखे थांबले, स्क्रीन काळे झाले.

"अरे, पोस्ट गेली माझी!" रुपा ओरडली.

"आयला, गेली पोस्ट!" शेजारून आवाज आला. अगदी त्याच क्षणी.

दोन्ही कप्प्यांचे पडदे बाजूला झाले. बाहेरून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेत एक उंच, सावळा मुलगा उभा होता. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग, कपाळावर घाम, बोटं अजून टाइप करायच्या तयारीत वाकलेली. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"तू... म्हणजे तुम्ही... पुरावा कुठाय?" रुपाने विचारलं.

"आणि तुम्ही... मिरची?"

आठवडाभर ज्याला अरे-तुरे करून झोडपलं, त्याला समोर बघून तोंडून 'तुम्ही' निघालं, याचंच तिला हसू आलं. त्यालाही आलं. हसताना त्याच्या एका गालाला खळी पडत होती... ही गोष्ट तिने मुद्दामच लक्षात घेतली नाही.

"भांडायचं तर बाहेर जा रे," कॅफेवाला धाकलूशेठ वहीने वारा घेत म्हणाला. "हितं आधीच उकडतंय."

बाहेर लिंबूसोड्याची गाडी होती. त्याने दोन सोडे सांगितले. तो आदेश. आदेश देसले, मुरबाडचा.

"तुम्ही दिसायला एवढ्या तिखट नाही," तो म्हणाला.

"तुम्ही दिसायला एवढे शहाणे नाय."

सोडा त्याच्या नाकात गेला. तो खोकत, हसत म्हणाला, "पण एक सांगू? तुमचा राग खरा आहे. मुद्दे कच्चे आहेत. मी बातमीदार आहे ना, रोज असे मुद्दे-"

रुपाचा ग्लास ओठांपाशीच थांबला. "कुठल्या पेपरचे?"

त्याने नाव सांगितलं.

"म्हणजे फाट्यावरचा फोटो..."

"मीच काढला," तो म्हणाला. आवाजात थोडा अभिमान होता.

रुपाने ग्लास गाडीवर ठेवला. "माझा भाऊ आहे तो. कल्याणला आत आहे. तो पोरांना थांबवत होता, म्हणून हात वर होता. त्याच्या हातात दगड दिसला तुम्हाला?"

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं. "नाही. मी दगड लिहिला नव्हता. 'आंदोलक तरुण' लिहिलं होतं. पेपरच्या डेस्कवर बदललं."

"खाली नाव कोणाचं होतं?"

त्याने बॅगेचा पट्टा खांद्यावर सरकवला.

"मग बोलूच नका," ती म्हणाली आणि भर उन्हात ओढणी डोक्यावर घेऊन चालू लागली.

*

ती बोलणार नव्हती. पण ऑर्कुटवर कोण कोणाला अडवणार? दुसऱ्या दिवशी तिच्या पानावर त्याचा स्क्रॅप, म्हणजे निरोप, आला होता.

'फोटोच्या ओळीची दुरुस्ती पेपरला पाठवली आहे. छापतील असं वाटत नाही. तरी पाठवली.'

तिने उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी दिलं. 'छापली?'

'नाही.'

'मग तुझा पेपर खोटा.'

'तो एक खोटं बोलला म्हणून तुझी ॲम्ब्युलन्स खरी होत नाही, मिरची.'

ती इतकी चिडली की क्लासमधल्या मुलांना एक्सेलऐवजी वर्ड शिकवून बसली. पण दुपारी पाय कॅफेकडेच वळले. रोज भांडण. रोज एक स्क्रॅप. टीव्हीवरच्या बातमीत काय चुकलं, कोणत्या साहेबाने काय थाप मारली, लोक मोर्चात का जातात, आणि मधूनच - 'जेवलीस?' त्यावर तिचं उत्तर - 'पुरावा देऊ?'

एके दिवशी त्याने लिहिलं, 'तुझ्या ॲम्ब्युलन्सचा पत्ता लागला. शनिवारी येतेस?'

'कुठे?'

'फाट्याच्या वरच्या पाड्यावर. मित्राची मोटारसायकल आहे.'

'मी एस.टी.ने येईन.'

'तिकडे एस.टी. जात नाही.'

'मग चालत येईन. तुला काय?'

शनिवारी ती मोटारसायकलवर होती. तोंडाला ओढणी गुंडाळलेली आणि मागच्या दांडीला घट्ट धरलेलं, त्याच्या पाठीला जराही धक्का लागणार नाही अशा बेताने. रस्ता खड्ड्यांचा होता. प्रत्येक खड्ड्याला तो "सॉरी" म्हणायचा.

"खड्डा तू खणलास काय?" ती शेवटी ओरडली.

"तुझ्या मते सरकारला आधीच माहीत असणार!"

ओढणीच्या आत ती हसली. आरशात त्याला फक्त तिचे डोळे दिसत होते. त्याने आरसा नीट केला... तिने पाहिलं आणि काही बोलली नाही.

पाड्यावरच्या एका कुडाच्या घरापुढे जना नावाची बाई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. रुपापेक्षाही लहान असेल. आदेशने त्यांची ओळख करून दिली आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला.

"ती गाडी?" जना म्हणाली. "ती माझीच होती गो. पोटात दुखाया लागलं म्हनून शहापूरला नेत होती. फाट्यावर आली नि अडकली. रस्त्यात मान्सा बसलेली ना तुमची."

रुपा तिच्यासमोर खाली बसली. "पण कोणी सांगितलं का नाय?"

"डायवर गेला होता सांगाया. कोन आयकतं? घोषणा चालू होत्या मोठ्यानं." जनाने बाळाच्या कपाळावरची माशी हाकलली. "मंग काय, गाडीतच झाली ही. सिस्टरबाई होती म्हनून बरं. आता समदी हिला 'फाट्यावरची' म्हनतात."

ती हसली. रुपाला हसता येईना. तिला आठवलं - त्या दिवशी तीही फाट्यावर बसलेली असताना खाकी शर्टातला एक माणूस हातवारे करत गर्दीच्या कडेला आला होता. हा आता रस्ता मोकळा करा म्हणून दमदाटी करणार, असं वाटून रुपाने स्वतःच घोषणा आणखी जोरात दिली होती.

तिने बाळाला घेतलं. फाट्यावरचीने तिचं बोट मुठीत पकडलं आणि सोडलंच नाही.

येताना वाटेत झाडाखाली एक म्हातारी करवंदं विकत होती. आदेशने पानाचा द्रोण भरून घेतला आणि तिच्या हातात दिला. आता तो जिंकल्याचं सांगेल, या भीतीने रुपा खाली बघत होती. कोणत्याही क्षणी म्हणेल, बघ, मी म्हटलं होतं...

"काय गोड बाळ होतं ना," तो म्हणाला.

एवढंच. रुपाने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. गेल्या कित्येक दिवसांत शब्दाशब्दावर अडवणारा हा माणूस आज तिला पडू देत नव्हता.

एका हातात द्रोण होता. मग दुसरा हात कुठे ठेवायचा? तिने तो त्याच्या खांद्यावर ठेवला. पुढच्या खड्ड्याला त्याने सॉरी म्हटलं नाही.

सोमवारी तिने ग्रुपवर लिहिलं - 'ॲम्ब्युलन्सबद्दल मी जे बोलले ते चूक होतं. ती गाडी एका बाळंतिणीची होती आणि आपण ती अडवली होती. मी माफी मागते. पण दगड आपले नव्हते, हे मी अजून म्हणते.'

आपलीच माणसं तुटून पडली. आंदोलनाच्या समितीतला धाऊ तर क्लासच्या दारात येऊन थांबला. "आपल्याच तोंडाला काळं फासतेस? तिकडं तुझा भाऊ आत आहे."

"खोट्यावर उभं राहून तो सुटणार नाय, धाऊदादा," रुपा म्हणाली. "आज मी नाय सांगितलं असतं तर उद्या त्यांनी सांगितलं असतं. मग आपलं खरंही कोणी ऐकलं नसतं."

*

त्या संध्याकाळी आदेश स्टँडवर भेटला. आज मोटारसायकल नव्हती. तो किन्हवलीहून गाडी बदलून मुरबाडला जाणार होता. शेणव्याची गाडी लागलेली असूनही रुपा त्याच्याबरोबर किन्हवलीच्या गाडीत चढली.

"तुझं गाव?" त्याने विचारलं.

"किन्हवलीला मावशीकडे काम आहे."

"काय काम?"

"प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागायचा नसतो."

तो खिडकीबाहेर बघत हसला. किन्हवलीच्या स्टँडवरच्या बाकावर दोघं बसली तेव्हा ऊन उतरलं होतं. समोर भजी तळली जात होती. मावशीच्या घराकडे जायची कोणालाच घाई नव्हती.

"तुझी पोस्ट वाचली," तो म्हणाला. "मला नसतं जमलं."

"का नसतं जमलं?"

"चुकलो म्हणायला धाडस लागतं. आमच्या धंद्यात तर..." त्याने वाक्य सोडून दिलं.

रुपा त्याच्याकडे निरखून बघत होती. एक गोष्ट तिच्या मनात बरेच दिवस होती. आज विचारण्यात भांडण नव्हतं, म्हणून ती सहज विचारू शकली.

"एक विचारू? आम्ही सकाळपासून बसलो होतो. बाकीचे पेपरवाले सकाळीच आले नि फोटो काढून गेले. तू सकाळी नव्हतास. दुपारी का आलास?"

"कारण मला फोन-"

तो थांबला.

मुरबाडची गाडी लागली. कंडक्टरने "मुरबाड, मुरबाड" म्हणून हाका घातल्या. आदेश उठला नाही.

"कोणाचा फोन?" रुपाने हळूच विचारलं.

"योजनेच्या कचेरीतले साहेब. ओळखीचे आहेत. बातम्या देतात." त्याचा आवाज उतरत चालला होता. "आदल्या संध्याकाळी फोन आला होता. म्हणाले, सकाळी येऊन काही मिळायचं नाही. दुपारनंतर ये. चांगला फोटो मिळेल."

गाडी सुटली. धुळीचा लोट बाकापर्यंत आला आणि खाली बसला.

"त्यांना कसं माहीत होतं, आदेश?"

तिने पहिल्यांदाच त्याचं नाव घेतलं होतं. दुसऱ्या कुठल्या वेळी त्याला किती आनंद झाला असता... आता त्याने डोकं दोन्ही हातांत धरलं.

"मी ओळखीचा माणूस म्हणून सोडून दिलं गं. खरंच. मनातच आलं नाही. एवढे दिवस मी तुला..."

"पुरावा मागत होतास," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

त्याने डोकं वर केलं. मग त्याने विचारलं, "मी काय करू?"

तिच्या डोळ्यांपुढे सुदाम होता. तुरुंगाच्या जाळीमागून 'आईला सांग, मी जेवतोय' म्हणणारा. 'बोल, माझ्यासाठी बोल' हे शब्द तिच्या अगदी जिभेवर होते. तिने ते गिळले.

"ते मी सांगणार नाय," ती म्हणाली. "माझ्यासाठी बोललास, तर उद्या माझ्याशी भांडण झाल्यावर शब्द फिरवशील. बोलायचं तर तुझं तू बोल. नाय बोललास तर... तर मी तुला काही म्हणणार नाय. पण पुन्हा या बाकावर बसणार पण नाय."

ती उठली. पाठ वळल्यावर डोळे भरून आले आणि मावशीचं घर कुठल्या गल्लीत होतं, तेच तिला क्षणभर आठवेना.

*

मग स्क्रॅप थांबले. एक दिवस गेला, आणखी काही गेले. रुपा कॅफेत यायची, रिकामं पान बघायची आणि परत जायची. धाकलूशेठसुद्धा काही विचारत नव्हता.

आणि एका दुपारी ग्रुपवर नवीन नाव दिसलं. टोपणनाव नाही, खोटं चित्र नाही. स्वतःचा फोटो आणि पूर्ण नाव.

'मी आदेश देसले, मुरबाड. आंबेखांड फाट्याचा छापून आलेला फोटो माझा आहे. फोटोतल्या तरुणाच्या हातात दगड नव्हता. तो लोकांना थांबवत होता, हे मी डोळ्यांनी बघितलं. दुसरं - आदल्या संध्याकाळी मला योजनेच्या कचेरीतून फोन आला होता, की दुपारनंतर ये. इतके दिवस मी सगळ्यांना विचारत होतो पुरावा कुठाय. माझ्याकडेच होता. हेच मी आज सुदामच्या वकिलांपुढे लिहून दिलं आहे.'

रुपाने ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग पडदा ओढून घेतला आणि ओढणीत तोंड खुपसून रडली.

दोन दिवसांत पेपरने त्याचं काम काढून घेतलं. साहेबांनी 'असा फोन झालाच नाही' म्हणून सांगितलं. ग्रुपवर लोक त्याचंच नाव त्याच्या तोंडावर फेकू लागले - पुरावा कुठाय? पुरावा कुठाय? आणि त्यात एका बिननावाच्या माणसाने लिहिलं - 'देसले का पलटला ते मी सांगतो. आरोपीच्या बहिणीबरोबर फिरतो. मोटारसायकलवर करवंदं खाताना बघितलंय. मुलीने पटवून साक्ष घेतली.'

संध्याकाळपर्यंत ते शेणव्यात पोचलं होतं. तिच्या घरात कोणाला ऑर्कुट माहीत नव्हतं, पण बातमीला कॉम्प्युटर लागत नाही.

बाबा ओट्यावर बसले होते. कुंडलिक वेखंडे, शांत माणूस. गावात मोठ्याने बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"खरं काय ते सांग," ते म्हणाले.

"कशाचं?"

"दोन्हीचं."

रुपा खांबाला टेकून उभी राहिली. "फोन आला होता हे खरं आहे. मी त्याला बोल म्हणून सांगितलं नव्हतं, हेही खरं." तिचे कान तापले. "आणि... दुसरं पण खरं आहे, बाबा. मला तो आवडतो."

आई आत भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"अगो, मंग केस गेली आपली," बाबा म्हणाले. त्यात राग नव्हता, थकवा होता. "जामिनाची तारीख आली. ते म्हनतील, पोरीच्या नादानं साक्ष दिली. तू लिही, त्याची नि माझी ओळख नाय. सुदाम सुटंपर्यंत. पुढचं पुढं बघू."

ही वाट सोपी होती. भावासाठीच होती. कोणी नावं ठेवली नसती. रुपा कितीतरी वेळ पायाच्या अंगठ्याने सारवलेली जमीन उकरत राहिली.

"नाय, बाबा," ती शेवटी म्हणाली. "मी एकदा चुकीचं लिहिलंय. ते उघडं पडताना कसं वाटतं ते मला माहितेय. हे खोटं लिहिलं आणि उघडं पडलं, तर त्याचा फोन पण खोटा ठरंल. आणि..." तिने मान वर केली. "मी काय चोरी केलीय काय, लपवायला? सुदामदादानं दगड मारला नाय, आदेशनं खोटं सांगितलं नाय, मी कोणाला पटवलं नाय. लाज वाटायची त्यांना वाटू दे."

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, जसं काही ही मुलगी त्यांनी आजवर नीट पाहिलीच नव्हती. मग ते ओट्यावरून उठून आत गेले. पण 'नको' म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आपलं टोपणनाव पुसून टाकलं. आणि लिहिलं -

'मी रुपा कुंडलिक वेखंडे, शेणवा. सुदाम माझा भाऊ. बिननावाच्या भाऊसाहेबांनी लिहिलंय म्हणून सांगते. हो, करवंदं खाल्ली. हो, माझं आदेश देसलेवर प्रेम आहे. हे मी त्यालाही अजून सांगितलेलं नाही, तोही आता इथेच वाचेल. त्याला आलेला फोन खरा आहे. माझं प्रेमही खरं आहे. फोन आला तेव्हा आमची ओळखही नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. ज्याला जोडायच्या असतील त्याने आधी स्वतःचं नाव लिहावं.'

आणि तिने 'पाठव'चं बटण दाबलं. उठून बाहेर आली आणि लिंबूसोड्याच्या गाडीवर तिने एक सोडा सांगितला.

बिननावाच्या माणसाने नाव लिहिलं नाही. तो पुन्हा कधी दिसलाही नाही. बाकीचे भांडत राहिले. कोणी तिला निर्लज्ज म्हटलं, कोणी शाबास म्हटलं. आणि गंमत म्हणजे आदेशचं काहीच उत्तर आलं नाही.

*

जामिनाच्या दिवशी समोरच्या वकिलांनी तोच मुद्दा काढला. साक्षीदार आणि आरोपीची बहीण यांचे संबंध आहेत, असं ते म्हणाले. सुदामच्या वकिलांनी रुपाच्या पोस्टचा कागद पुढे केला. "या दोघांनी लपवलेलंच नाही साहेब, तारखेसकट जगजाहीर लिहिलंय," ते म्हणाले. सुदामला जामीन मिळाला. केस चालूच राहणार होती. फोन कोणी आणि का केला, याची चौकशी करू असं वरून सांगण्यात आलं, आणि त्यावर शेणव्यात कोणी फारसा विश्वास ठेवला नाही.

पण सुदाम घरी आला. त्याला घेऊन जीप नाक्यावर थांबली तेव्हा सगळं गाव जमलं होतं. धाऊच्या हातात हार होता. आईने पोराच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. जीपच्या मागच्या बाजूने वकिलांबरोबर आणखी एकजण उतरला. खांद्याला कॅमेऱ्याची बॅग नव्हती, म्हणून रुपाने त्याला आधी ओळखलंच नाही.

गर्दीत कुजबुज सुरू झाली. हाच तो. पेपरवाला. फोटोवाला. कोणीतरी मागून म्हणालं, "याला कशाला आणलं?"

सुदाम वळला. त्याने आदेशला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"फोटो तरी बरा काढायचास रे," तो म्हणाला. "त्यात माझं पोट किती दिसतंय."

एक क्षण कोणालाच काही कळलं नाही. मग धाऊ हसला, मग बायका हसल्या. आदेश हसायला गेला आणि त्याचे डोळेच भरले. "चुकलो, दादा," तो म्हणाला.

"चुकलास खरा. पण परत आलास."

बाबा बाजूला उभे होते. त्यांनी आदेशकडे बघितलं, मग रुपाकडे. "घरी चला सगळी," ते म्हणाले. 'सगळी' म्हणताना त्यांची नजर आदेशवरून हलली नाही. "पानी तरी प्या."

लोक निघाले. रुपा मुद्दाम मागे राहिली. तोही राहिला. दोघांमध्ये हातभर अंतर, आणि आजूबाजूला मुद्दाम हळू चालणारं अर्धं गाव.

"उत्तर नाही दिलंस," ती समोर बघत म्हणाली.

"लिहिलं होतं. बरेचदा. पुसलं."

"का?"

"म्हटलं, तू नाव लावून सगळ्यांसमोर बोललीस. मी काय टाइप करून बोलू?" त्याने घसा साफ केला. "समोर येऊन बोलायचं होतं."

"मग बोल."

"इथे?" त्याने सभोवार बघितलं. पिठाच्या गिरणीपुढच्या बायका सरळसरळ थांबल्या होत्या. सुदाम हार घालून वळून उभा होता. बाबांनी मान फिरवली होती, पण पाय थांबवले होते. "एवढ्या लोकांत?"

"मी याच्याहून जास्त लोकांत बोलले."

तो लाल झाला. कॅमेऱ्याचा पट्टा धरायची हाताला सवय होती, तो हात रिकामाच खांद्याशी गेला आणि खाली आला. मग त्याने श्वास घेतला.

"माझं पण तुझ्यावर प्रेम आहे, रुपा."

रुपाने हनुवटी वर केली आणि गर्दीवरून एक नजर फिरवली.

"जोरात बोल," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू नाय गेलं."